मालक सातासमुद्रापार, कराचा हिशेब मात्र ओसरीवर

वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा आजवर ओळखला गेला तो धानासाठी, तलावांसाठी आणि पितळेच्या भांड्यांसाठी. तुमसरची तांदळाची बाजारपेठ, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, वरठीचा पोलाद कारखाना आणि जवाहरनगरची आयुधनिर्माणी ही येथील रोजगाराची ठळक ठिकाणे. यापैकी कोठेही जागा न मिळालेल्या सुशिक्षित तरुणाने साठेक किलोमीटरवरील नागपूर गाठायचे, नाही तर थेट पुण्याची किंवा हैदराबादची वाट धरायची, हा गेल्या दोन-तीन दशकांतील शिरस्ता. मार्च २०२०मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही वाट काही काळ उलट्या दिशेने वाहू लागली. संगणक घेऊन गावी परतलेल्यांपैकी अनेकांना कालांतराने पुन्हा शहराकडे बोलावणे आले. परंतु काहींच्या बाबतीत काम गावातच राहिले. इतकेच नव्हे तर अमेरिका, ब्रिटन किंवा सिंगापूर येथील कंपनीने, भारतात एकही कार्यालय न थाटता, परस्पर नेमणूक करण्याचा मार्ग खुला झाला.

अमेरिकेचे दार अरुंद होत असताना या मार्गाचे महत्त्व आणखी वाढले आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. माणसाला तिकडे नेणे इतके महाग होणार असेल, तर काम इकडे पाठविणे कंपन्यांना सोयीचे वाटणे साहजिक आहे. त्याच महिन्यात, परदेशांत कामे सोपविणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या अशा खर्चावर २५ टक्के कर लावण्याचे विधेयकही तेथील सिनेटमध्ये मांडण्यात आले. हा मार्ग सुरू झाला असला तरी तो निर्वेध नाही, याची ती खूण होती.

तथापि, साकोली किंवा लाखनीत बसून काम करणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये नाही. तो त्याच्या घरातच आहे. महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होणाऱ्या या रकमेला प्राप्तिकर कायद्याच्या भाषेत काय म्हणायचे? पगार, की व्यवसायाचे उत्पन्न? वरवर शाब्दिक वाटणाऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर वर्षाकाठी लाख-दीड लाख रुपयांचा फरक, बँकेचे कर्ज, म्हातारपणाची तरतूद आणि प्रसंगी दंडाची टांगती तलवार अवलंबून असते.

दिवस मोजून सुटका नाही

'कंपनी परदेशी, पैसा परदेशी, मग भारताचा कर कशाला?' असा प्रश्न या वर्तुळात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने निवासी ठरते आणि सर्वसाधारण निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. पैसे कोणत्या चलनात आले, कोणत्या खात्यात आले, याने या तत्त्वात फरक पडत नाही.

परदेशात काही वर्षे राहून परतलेल्यांना एक वेगळी आशा असते. निवासाच्या मागील इतिहासामुळे त्यांना काही काळ 'निवासी, परंतु सर्वसाधारण निवासी नव्हे' हा दर्जा मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातील बरेचसे उत्पन्न करातून सुटते. मात्र भारतात बसून केलेल्या कामाचा पगार हा कायद्याने भारतातच उपार्जित झालेला मानला जातो. काम भंडाऱ्यात झाले असेल, तर तो पगार न्यूयॉर्कच्या खात्यात जमा करून घेतला तरी तो 'परदेशातील उत्पन्न' होत नाही. दिवसांच्या गणिताने येथे सुटका नाही.

महासाथीच्या काळात हा मुद्दा सरकारपुढेही आला होता. प्रवासबंदीमुळे भारतात अडकलेल्यांसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२०मध्ये परिपत्रक काढून आर्थिक वर्ष २०१९-२०पुरती दिवसांच्या मोजणीत सवलत दिली. त्यापुढील वर्षासाठी मात्र मार्च २०२१च्या परिपत्रकात सरसकट सवलत नाकारली गेली. ज्यांना खरोखरच दुहेरी कर भरावा लागत असेल, त्यांनी आपली माहिती कळवावी, एवढाच मार्ग ठेवण्यात आला. अपवाद हा अपवादच राहील, हे त्यातून स्पष्ट झाले.

नोकर की व्यावसायिक?

भारतीय करव्यवस्थेला दोन प्रकारची माणसे चांगली परिचित आहेत. एक नोकरदार. त्याचा कर मालक दरमहा कापून सरकारजमा करतो आणि वर्षअखेरीस त्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवतो. दुसरा व्यापारी किंवा व्यावसायिक, जो आपला हिशेब स्वतः ठेवतो आणि कर स्वतः भरतो. परदेशी कंपनीसाठी घरून काम करणारा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. ठरावीक वेळ, ठरावीक रजा, वरिष्ठांची देखरेख, महिन्याची बांधील रक्कम हे सारे नोकरीसारखे. पण करारावर शीर्षक मात्र 'स्वतंत्र कंत्राटदार'.

कंपन्यांना हे शीर्षक सोयीचे असते, त्यामागे कारणे आहेत. भारतात नोकर ठेवला की येथील करकपातीची आणि कामगार कायद्यांची जबाबदारी अंगावर येण्याचा संभव असतो. शिवाय भारतातील माणसाच्या कामामुळे कंपनीची येथे 'कायमस्वरूपी आस्थापना' आहे असे ठरले, तर कंपनीच्या नफ्याच्या काही भागावरही भारत हक्क सांगू शकतो. त्यापेक्षा 'हा आमचा नोकर नव्हे, बाहेरचा सेवा पुरवठादार' असे म्हणणे कंपनीला स्वस्त आणि सुरक्षित पडते.

गंमत अशी की, पहिल्या नजरेला हे शीर्षक काम करणाऱ्यालाही लाभाचेच दिसते. उदाहरणादाखल वर्षाला १८ लाख रुपये मिळविणारी, संगणक प्रणाली तयार करणारी व्यक्ती घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६साठीच्या नव्या करप्रणालीत ही रक्कम पगार मानली, तर ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १७ लाख २५ हजारांवर कर येतो. उपकरासह तो १ लाख ५० हजार ८०० रुपये होतो. हीच रक्कम व्यावसायिक शुल्क मानली, तर १९६१च्या कायद्यातील कलम ४४एडीएचा आधार घेता येतो. २०१६च्या वित्त कायद्याने आणलेल्या या तरतुदीनुसार, ठरावीक व्यवसायांतील निवासी व्यक्तीला एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते आणि उरलेल्या खर्चाचा हिशेब मागितला जात नाही. जमेची मर्यादा ५० लाख रुपये असून, रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ती २०२३-२४पासून ७५ लाख रुपये करण्यात आली. या मार्गाने १८ लाखांचे करपात्र उत्पन्न नऊ लाख होते आणि बारा लाखांपर्यंतच्या करसवलतीमुळे कर शून्यावर येतो.

एकच माणूस, एकच काम, एकच रक्कम. आणि फरक दीड लाखांचा. मोह व्हावा असेच हे गणित आहे. परंतु ही निवड करदात्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. करारावर काय नाव आहे यापेक्षा प्रत्यक्ष संबंध कसा आहे, हे पाहण्याची आपल्या न्यायालयांची जुनी परंपरा आहे. कामाची पद्धत कोण ठरवितो, साधने कोणाची, दुसऱ्या ग्राहकाचे काम घेण्याची मुभा आहे का, रजेचे पैसे मिळतात का, नुकसान कोणाच्या माथी, अशा कसोट्यांवर 'कंत्राटदार' हा नोकर ठरू शकतो. शिवाय कलम ४४एडीएतील व्यवसायांची यादीही मर्यादित आहे. वैद्यकीय, विधी, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखापालन, तांत्रिक सल्ला आणि अधिसूचित केलेले माहिती तंत्रज्ञानासारखे व्यवसाय तिच्यात बसतात. मात्र घरबसल्या परदेशी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी, भाषांतर करणारी किंवा नोंदी भरणारी व्यक्ती या यादीत नेमकी कोठे बसते, यावर वादाला वाव आहे. चुकीच्या रकान्यात दाखविलेले उत्पन्न कमी दाखविलेले ठरले, तर बुडालेल्या कराच्या ५० टक्के आणि खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास २०० टक्के दंडाची तरतूद १९६१च्या कायद्यात आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरलेल्या आयकर अधिनियम २०२५मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सुटसुटीत झाली. नोकर आणि व्यावसायिक यांतील ही रेघ मात्र तशीच आहे.

कोरा तक्ता, चुकलेले हप्ते

पगार देणाऱ्या कोणालाही कर कापावा लागतो, असे कायदा सांगतो. पण ज्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, करकपातीसाठी लागणारा क्रमांक नाही, तिच्याकडून ही कपात होत नाही, हे वास्तव आहे. परिणामी करखात्याच्या संकेतस्थळावर कापलेल्या कराचा तक्ता उघडला की तो कोराच दिसतो. तक्ता कोरा म्हणजे देणे काही नाही, असा समज करून घेणे ही या प्रवासातील पहिली ठेच.

मालकाने कर कापला नाही, म्हणून नोकराची सुटका होत नाही. तो त्याने स्वतः भरायचा असतो. वर्षाचे करदायित्व दहा हजार रुपये किंवा अधिक असेल, तर आगाऊ कराचे हप्ते लागू होतात. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण, असे त्याचे टप्पे आहेत. अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्या व्यावसायिकाला सारी रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरण्याची मुभा आहे. 'कर मालकाने कापायला हवा होता, म्हणून मी आगाऊ भरला नाही' हा बचावही चालत नाही. न कापलेल्या कराची वजावट आगाऊ कराच्या हिशेबात धरता येणार नाही, असा बदल २०१२च्या वित्त कायद्यानेच केला. वरील उदाहरणातील नोकरदाराने वर्षभर एकही हप्ता न भरता सारा कर जुलैत विवरणपत्रासोबत भरला, तर दरमहा एक टक्का व्याजाच्या दोन तरतुदी मिळून सुमारे साडेतेरा हजार रुपयांचा भुर्दंड बसतो. दोष कसलाच नाही. केवळ तारखा ठाऊक नव्हत्या, एवढेच.

रक्कम मोजण्यातही खोच आहे. डॉलरमधील पगाराचे रुपयांत रूपांतर करताना बँकेने प्रत्यक्ष जमा केलेली रक्कम धरणे हा सर्वसामान्यांचा प्रघात. १९६२च्या प्राप्तिकर नियमांनी घालून दिलेली पद्धत मात्र वेगळी आहे. पगार ज्या महिन्यात देय होतो, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा तार हस्तांतरण खरेदी दर त्यासाठी धरायचा असतो. मध्यस्थ सेवेने कापलेले शुल्क पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. दोन हिशेबांत दरमहा पडणारा शेकड्यांचा फरक वर्षअखेरीस हजारांत जातो.

धानाच्या बांधावरचा कर

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०११च्या जनगणनेनुसार १२ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात दर पाचांपैकी सुमारे चार जण ग्रामीण भागात राहतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने शेतीवरच गुजराण करणाऱ्या असंख्य घरांत पिढ्यान् पिढ्या कोणी विवरणपत्र भरलेले नाही. अशा घरातील पहिला करदाता हाच परदेशी कंपनीचा पहिला नोकर असतो. सल्ला विचारावा, तर घरात अनुभव नाही आणि गावातील हिशेबनिसाचा परिचय दुकानदारांच्या खातेवहीशी.

त्यातच एक तरतूद अशी आहे, जिची कल्पना शहरी नोकरदाराला सहसा नसते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरे. पण शेतीच्या उत्पन्नामुळे इतर उत्पन्नावरील कर वाढू शकतो. निव्वळ शेती उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यासाठी दोन्हींची बेरीज केली जाते. वरील उदाहरणातील नोकरदाराच्या स्वतःच्या नावे सातबारा असून त्याला धानातून दोन लाख रुपयांचे निव्वळ उत्पन्न होत असेल, तर त्याचा कर १ लाख ५० हजार ८०० रुपयांवरून १ लाख ८२ हजार रुपयांवर जातो. जमीन वडिलांच्या नावे असेल आणि उत्पन्नही त्यांचेच असेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही. वाटणीपत्र होऊन सातबाऱ्यावर नाव चढले, याचा आनंद असतोच; त्यासोबत विवरणपत्रातील एक रकानाही वाढतो.

सीमेपलीकडचे कागद

दोन देशांनी एकाच उत्पन्नावर कर घेऊ नये, यासाठी करार असतात. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार १९८९मध्ये झाला. त्यातील तत्त्वानुसार, भारतात राहून भारतातच काम करणाऱ्याच्या पगारावर कर घेण्याचा हक्क भारताचा. अमेरिकी कंपन्या म्हणूनच 'डब्ल्यू-८ बेन' हा अर्ज भरून घेतात. आपण अमेरिकेचे नागरिक वा करनिवासी नाही, हे काम करणाऱ्याने त्यात लिहून द्यायचे असते. हा अर्ज न दिल्यामुळे किंवा चुकीचा दिल्यामुळे तिकडे कर कापला गेला, तर तो भारतातील करातून सहज वजा होईल, असे समजता येत नाही. जो कर कराराप्रमाणे तिकडे देयच नव्हता, त्याचे श्रेय भारताने का द्यावे, असा प्रश्न उपस्थित होतो आणि परताव्यासाठी परक्या देशाच्या करखात्याचे दार ठोठावण्याची वेळ येते.

पगारासोबत कंपनीचे समभाग मिळत असतील, तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचे होते. समभाग नावावर झाल्याच्या दिवशी त्यांची किंमत पगारात मिळविली जाते. म्हणजे रुपयाही हाती न पडता कर द्यावा लागतो. त्यावरील लाभांशातून अमेरिकेत २५ टक्के कापले जातात आणि त्याचे श्रेय भारतात विहित अर्ज भरूनच घ्यावे लागते. शिवाय सर्वसाधारण निवासी करदात्याने परदेशातील समभाग, बँक खाती व अन्य मालमत्ता 'शेड्यूल एफए' या परिशिष्टात जाहीर करायची असते. त्यासाठी आर्थिक वर्ष नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपणारे वर्ष धरले जाते, हीदेखील चुकीला निमंत्रण देणारी बाब. ही माहिती दडविल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून इतर मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असल्यास १ ऑक्टोबर २०२४पासून या दंडातून सूट मिळाली. परंतु सूट दंडापुरती आहे. जाहीर करण्याचे बंधन कायम राहिले.

ही माहिती सरकारला कशी कळणार, या भ्रमातही राहण्याचे कारण नाही. अमेरिकेशी जुलै २०१५मध्ये झालेल्या करारामुळे आणि इतर देशांशी सुरू असलेल्या माहितीच्या देवाणघेवाणीमुळे परदेशातील खात्यांचा तपशील करखात्याकडे येतो. त्याच्याच आधारे नोव्हेंबर २०२४मध्ये करदात्यांना संदेश पाठविण्याची मोहीम प्रत्यक्ष कर मंडळाने हाती घेतली होती.

एका दारी नोकर, दुसऱ्या दारी व्यावसायिक

प्राप्तिकराच्या दारी 'व्यावसायिक' म्हणून गेलेल्याला इतर दारांतही तेच सांगावे लागते, हे मात्र अनेकदा विसरले जाते. व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा ही निर्यात असल्याने तिच्यावर शून्य दराने कर लागतो. पण त्यासाठी दरवर्षी हमीपत्र द्यावे लागते, नियमित विवरणे भरावी लागतात आणि पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या पद्धतीने आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा लागतो. महाराष्ट्रातील व्यवसाय करासाठीही त्याला नोंदणी करून वार्षिक अडीच हजार रुपये भरावे लागतात. याउलट नोकराने मालकाला दिलेली सेवा वस्तू व सेवा कराच्या कक्षेतच येत नाही.

प्राप्तिकरात कलम ४४एडीएचा लाभ घ्यायचा आणि वस्तू व सेवा कराचा विषय निघाला की 'आम्ही तर नोकरदार' म्हणायचे, ही दुहेरी भूमिका फार काळ टिकणारी नाही. दोन्ही खात्यांत एकच पॅन क्रमांक चालतो आणि माहितीची सांगड घालणे आता यंत्रावर सोपविलेले आहे.

संरक्षणाच्या नावाने शून्य

कराचा भार एक वेळ नियोजनाने पेलता येईल. अधिक चिंतेची बाब दुसरीच आहे. भारतीय मालकाकडे नोकरी करणाऱ्याला करकपातीसोबत भविष्य निर्वाह निधी, उपदान, नुकसानभरपाईशिवाय काढून न टाकण्याबाबतच्या काही तरतुदी, असे संरक्षण मिळते. भारतात आस्थापनाच नसलेल्या कंपनीच्या माणसाला यातील काहीही आपोआप मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने मंचांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांची दखल घेतली, मंच चालविणाऱ्या कंपन्यांकडून अंशदान घेण्याची सोय केली. पण परदेशी कंपनीशी थेट करार करून एकट्याने काम करणारा त्या चौकटीतही नीट बसत नाही. एका सकाळी ई-मेल येतो, काम थांबते. करारात वाद मिटविण्याचे ठिकाण एखाद्या परदेशी शहरातील न्यायालय असते. आदेश मिळविला, तरी तो बजावायचा कोणावर?

करसवलतींची रचनाही याच माणसाच्या विरुद्ध जाणारी आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १ मे २००९पासून सर्व नागरिकांना खुली झाली. मात्र नव्या करप्रणालीत मालकाने या योजनेत भरलेल्या अंशदानाला पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते आणि स्वतः भरलेल्या रकमेला मिळत नाही. ज्याचा मालक भारतात नाहीच, त्याच्यासाठी ही सवलत कागदावरच राहते. म्हातारपणाची तरतूद ज्याने स्वतःच करायची, त्यालाच तिची वजावट नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

बँकेच्या दारातही हाच अनुभव येतो. गृहकर्जासाठी नोकरदाराकडे वर्षानुवर्षे 'फॉर्म १६' या नावाने परिचित असलेले प्रमाणपत्र मागितले जाते. परदेशी कंपनीच्या माणसाकडे ते नसते. व्यावसायिक म्हणून जावे, तर मागील काही वर्षांची विवरणपत्रे हवी असतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते.

मार्ग कोणता?

यावर एक मार्ग बाजाराने काढला आहे. भारतात नोंदणी असलेली एखादी मध्यस्थ कंपनी कागदोपत्री मालक होते, रुपयांत पगार देते, कर आणि भविष्य निर्वाह निधी कापते आणि परदेशी कंपनीकडून त्याचे शुल्क घेते. यात हातात पडणारी रक्कम कमी होते. पण नोकरदाराचा दर्जा निर्विवाद राहतो. नोकरी स्वीकारतानाच हा पर्याय मागून पाहणे शहाणपणाचे. तो मिळत नसेल, तर कंत्राटदार म्हणवून घेताना करारातील कलमेही तशीच आहेत ना, हे सही करण्यापूर्वी तपासले पाहिजे. महिन्याच्या जमेतील ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकून आगाऊ कराच्या तारखा पाळणे, करार, बिले आणि बँकेचे दाखले वर्षवार जपणे, ही शिस्तही हवी. मागील चुका लक्षात आल्या असतील, तर सुधारित दायित्वासह अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५च्या वित्त कायद्याने ४८ महिन्यांपर्यंत वाढविली. मात्र विलंबाप्रमाणे त्यासाठीचा अतिरिक्त कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो.

तथापि, सारी जबाबदारी व्यक्तीवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. परदेशी नियोक्त्यासाठी भारतातून काम करणाऱ्याचा दर्जा कोणत्या कसोट्यांवर ठरेल, हे प्रत्यक्ष कर मंडळाने एका परिपत्रकाने स्पष्ट करणे अवघड नाही. अशा करदात्याला दरमहा स्वतःच कर भरून त्याचे प्रमाणपत्र मिळविता येईल, जे बँकांना पगाराच्या दाखल्याइतकेच मान्य असेल, अशी सोय संगणकीय व्यवस्थेत करता येण्याजोगी आहे. निवृत्तिवेतन योजनेतील स्वतःच्या अंशदानाला मालकाच्या अंशदानाइतकीच वजावट देण्यात तर कसलीच तांत्रिक अडचण नाही. छोट्या करदात्यांना विवरणपत्र भरण्यास मदत व्हावी, म्हणून २००६मध्ये प्रशिक्षित करविवरण तयारकांची योजना सरकारने आणली होती. त्याच धर्तीवर परदेशी उत्पन्नाची जाण असलेली माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी तयार करता येतील. करनिर्धारण २०२०पासून चेहराविरहित झाले असून नोटीस ई-मेलवर येते. तिचे उत्तर द्यायला कार्यालयात जावे लागत नाही, ही सोय आहे. पण ती समजावून सांगायलाही समोर कोणी नसते, ही त्याच सोयीची दुसरी बाजू.

भंडाऱ्यातून तरुण बाहेर जातात, ही जिल्ह्याची जुनी खंत आहे. बाहेर न जाताही बाहेरची कमाई घरात येऊ शकते, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. त्या कमाईवर न्याय्य कर द्यायला फारसा कोणाचा विरोध असणार नाही. मात्र नोकराच्या बंधनांसह व्यावसायिकाची सारी कागदपत्रे ज्याच्या माथी आहेत, त्याला या दोहोंपैकी एकाचे तरी संरक्षण मिळाले पाहिजे. कायद्याने त्याला आपल्या वहीत जागा दिली नाही, तर गावात आलेले हे काम करारावरील चुकीच्या शीर्षकाखाली आणि उशिरा कळलेल्या तारखांच्या व्याजात हळूहळू झिजत राहील. तसे झाले, तर पुण्या-हैदराबादची जुनी वाट पुन्हा सोयीची वाटू लागेल.